आठव्या खणातली मात्रा

दगडाच्या खाणीच्या धुळीत बाबांचा दम गेला. पावसाळ्यात खाण बंद, आणि लग्नसराई संपली की बाबा ज्यात ट्रंपेट वाजवायचे तो बॅण्डही बंद. ते महिने आम्ही नाचणीच्या पेजेवर काढले. तरी मी महाडला बी.एस्सी. झाले आणि तिथल्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. घरातली पहिली. हे मी मान वर करून सांगते.

बॅण्डचे गंगाराम मास्तर दर रविवारी पोलादपूरहून एसटीनं क्लासवर यायचे, चपला काढून कॉम्प्युटरला नमस्कार करायचे आणि मग दिवसभर त्याला शिव्या घालायचे. पलटणीच्या बॅण्डमधून पेन्शनीत निघालेला माणूस. पुढचे दात हलायला लागले होते. "दात पडलं की माझा ट्रंपेट बंद. मग कागद नसंल तर तुझा बाप काय बघून वाजवनार?"

मास्तर बॅण्डचं गाणं गायचे, मी सूर इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, प्रोग्राम ते पाच रेघांवर, ठरावीक मात्रांचे खण पाडून छापायचा. पण मास्तरांचा हट्ट असा, की त्यांचा पहिला ट्रंपेट आणि बाबांचा दुसरा एकाच ओळीत हवा. "दोघांनी येकाच कागदात बघायचं. म्हंजे कोन लपत नाय."

प्रोग्रामला ते जमतं. दोघांचा सूर एक असेल तिथं तो एकच छापतो. आमच्याकडे मात्र आठव्या खणापासून खिचडी! एका सुराच्या जागी दोन, एक पुढे, एक मागे. तीन रविवार मी अक्षर न् अक्षर तपासलं.

"मास्तर, दोन वेगळे कागद काढते. पाच मिनिटांत!"

"पाच मिन्टांत सुटायला बापानं शिकवली काय गो?"

चौथ्या रविवारी ते बाबांनाच घेऊन आले. दोघं गायला लागले, मास्तरांचं बोट टेबलावर. आठव्या खणात बाबा थांबले. बोटाची थाप मात्र पडली.

"ही थाप कुठं लिवलीस?" मास्तरांनी विचारलं.

"तिथं सूरच नाही. बाबांचा सूर गाताना तुम्ही थांबलात, मला वाटलं तुम्हाला दम लागला."

"माझा नाय, तुझ्या बापाचा दम हाय तो. दुसऱ्या बॅण्डांत तिथं कोन थांबत नाय. त्याच्यासाठी मी जागा ठेवलीय."

मी दुसऱ्या ट्रंपेटमध्ये एक रिकामी मात्रा टाइप केली. पुढचं सगळं जागेवर बसलं.

"डबा शाना हाय," मास्तर कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

त्याच वर्षी पावसाळ्यात मास्तरांचे दात गेले, दोन वर्षांनी मास्तर. बॅण्डची अकरा गाणी आज कागदावर आहेत आणि दुसरा ट्रंपेट बाबाच वाजवतात.