रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज

"नवरी कठं हाय?" आजींनी माइकला विचारलं.

माइकलाच विचारलं, कारण जे काही बोलायचं ते ह्याच्यासमोर बोला, असं मीच त्यांना बजावलं होतं. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसलो होतो. मसोलीला माझा स्टुडिओ आहे, पूर्वी ते चिकूचं गोडाऊन होतं. आत इतकी शांतता असते की डाससुद्धा चपला बाहेर काढून येतात. एकदा मी गेन, म्हणजे माइकची ऐकण्याची ताकद, जरा जास्त वाढवला, तर पार उंबरगावच्या नवराबायकोचं भांडण ऐकू आलं. कोण जिंकलं तेही सांगू शकतो, पण विषय तो नाही.

आजी धवलेरी आहेत. धवलेरी म्हणजे वारली लग्न लावणारी बाई. इतरांकडे भटजी मंत्र म्हणतात, इथे ह्या गातात. गाणं पूर्ण झालं की लग्न लागलं. मुंबईच्या एका कंपनीला ही गाणी जपून ठेवायची होती. तिथल्या मॅडमनी काम मला दिलं आणि फोनवर म्हणाल्या, "तुमच्या इंटर्नला करू द्या. चांगलं झालं तर तिला तीन महिने आमच्याकडे घेऊ. स्टायपेंड देऊ, राहायची सोय करू."

इंटर्न म्हणजे हेमा. सायवनजवळच्या एका पाड्यावरची. तिने मुंबईतल्या त्रेचाळीस स्टुडिओंना मेल केले होते. उत्तरं आली दोन. एकाने कोर्सची फी मागितली, दुसऱ्याने नुसतं 'नोटेड' लिहिलं. मग ती एसटी पकडून माझ्या दारात आली. "सर, इंटर्न पाहिजे?"

"इथे तीस वर्षं फुकट राबणारा इंटर्न मीच आहे," मी म्हटलं. "ये, दोघं होऊ."

दोन महिन्यांत सरांचा काका झाला. केबल पीळ न पडता कशी गुंडाळायची ते ती शिकली. रूम टोन घ्यायला शिकली, म्हणजे कोणी काहीच बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो. तिचे कान असे, की पंखा बंद केल्यावर भिंतीतली वायर गुणगुणते तेही तिला कळायचं. ही अतिशयोक्ती नाही. बाकीची आहे.

घरच्यांनी मात्र तिला मुदत दिली होती. मुंबईचं जमलं नाही, तर एक तारखेपासून उंबरगावच्या कारखान्यात पॅकिंगला. मोठी बहीण तिथेच होती. तिने जागाही धरून ठेवली होती.

तर, नवरी कुठं आहे?

मी टॉकबॅकचं बटण दाबलं. त्यातून माझा आवाज आत जातो. "आजी, नवरी वाटेत आहे. तुम्ही सुरू करा."

"काका, असं नका ना सांगू," हेमा कुजबुजली.

मी ऐकतोय कसला! "आजी, ही हेमाच नवरी समजा!"

आजींनी काचेतून हेमाला नीट न्याहाळलं. "हिचा नवरा?"

"तो पण वाटेत आहे."

"दोघं वाटंत. मंग मी लगीन कोणाचं लावू, तुझं?"

त्यांनी तापलेला तवा ठेवावा तसा हेडफोन खाली ठेवला. दोन कप चहा घेतला. "भाऊ, तुझी चहा तेवढी खरी हाय," म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेमा उशिरा आली. "आजी रविवारी आमच्या शेजारच्या पाड्यावर लग्न लावणारेत. मी विचारून आले. आजींना, घरच्यांना, नवरीलापण."

"अगं, तिथे कोंबड्या असतील, पोरं असतील, डीजेचा जनरेटर असेल!"

"असतील."

"बरं, मी येतो."

"या. पण गाडीत बसा."

"का?"

"तुम्ही बोलता, काका."

रविवारी मी गाडीत बसलो. एवढा वेळ गप्प बसायचं म्हणजे मला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केल्यासारखंच. गाणं सुरू व्हायच्या आधी डीजेवाल्याकडे बघून मी नुसती मान हलवली आणि त्याने जनरेटर बंद केला. हेमा म्हणते, तिने त्याला आधीच हात जोडले होते. असेल.

मांडवात बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. स्टँड ठेवायला टीचभर जागा नाही. म्हणून हेमा आजींना चिकटून बसली आणि हातात माइक धरून राहिली. दोन तास. हात एकदाही हलला नाही.

सोमवारी आम्ही रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. आजींचा आवाज असा, की कानाशी बसून गातायत. मी खूश होऊन टेबलावर थाप मारली. तेवढ्यात दुसरा आवाज आला. आजींच्या प्रत्येक ओळीमागून, आजींपेक्षा जवळून.

"ही कोण?"

हेमाचा चेहरा उतरला होता. "मी."

रेकॉर्डिस्टचा पहिला नियम असतो, तोंड बंद. त्याची शिंकसुद्धा टेपवर चालत नाही, आणि ही दोन तास गात होती! "मला कळलंच नाही, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिची ओळ संपायच्या आत आजींची पुढची सुरू होत होती, त्यामुळे तिचा आवाज काढून टाकायचा म्हणजे चहातून दूध वेगळं काढण्यासारखं. आणि रीटेकसाठी त्या दोघांचं लग्न परत लावता येत नव्हतं.

"रडू नको," मी म्हटलं. "मॅडमना सांगू, नवरीची मावशी आहे. मावशी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

बुधवारी मॅडम आल्या. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "दुसरा आवाज कोणाचा?"

"नवरीची माव..." मी सुरुवात केली.

"माझा," हेमा म्हणाली. "चूक झाली, मॅडम."

"रेकॉर्ड करताना तू गात होतीस?"

"हो."

"का?"

हेमा ओढणीचं टोक पिळत होती. "आजी एक ओळ म्हणतात आणि थांबतात. शेजारी बसलेलीने ती उचलायची असते. लहानपणापासून तसंच बघितलंय. शेजारी मीच होते. मी गप्प राहिले असते, तर आजी एकट्या पडल्या असत्या."

मी उगाच एक वायर सोडवली आणि परत गुंडाळली.

मॅडमनी तोच तुकडा पुन्हा लावला. आजींची ओळ, श्वासाएवढी जागा, मग हेमा.

"पुढच्या वेळी काय करशील?"

"शेजारी दुसरी गाणारी बसवेन. मी आजींच्या मागे बसेन आणि माइक वरून धरेन. जरा लांबचं येईल. पण माझा आवाज नसेल."

"हं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला. गायिका ह्या रकान्यात आजींचं नाव लिहिलं आणि त्याखाली हेमाचं. रेकॉर्डिंगच्या रकान्यातही हेमाचं. "एक तारखेला ये. आमच्याकडे गप्प बसायला शिकवतील. बाकीचं तुला येतंय." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मावशीला माझा नमस्कार सांगा."

हेमा मुंबईला गेली. जाताना तिला सर्टिफिकेट लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न वाढवता लिहिलं, त्यामुळे चारच ओळी झाल्या. त्या लिहायला मात्र सकाळची दुपार झाली.

ह्या लाइनमध्ये इंटर्नशिप करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चूक झाली तर आपल्या तोंडाने सांगा. बॉसला सांगू देऊ नका, तो मदत करायला जातो.