मधल्या कमानीवर

"तायडे, मामा गेला गं..." भावाचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात शाळेत शिकवायला निघाले होते. पर्स तशीच खांद्याला, थेट एसटीत बसले. मंद्रूप मागं पडलं, ओढ्यावरचा जुना दगडी पूल आला आणि मला रडू फुटलं.

तीन कमानींचा हा पूल कुणी बांधला, गावात कुणाला ठाऊक नाही. अजून त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, एसटी जाते आणि मामाची मेंढरंही जायची. मामाची खोड अशी, की ऐन मधल्या कमानीवर कळप थांबवायचा आणि कठड्याला पाठ लावून तंबाखू मळत बसायचा. मागं ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवून बेजार!

"पूल काय तुज्या बापाचा हाय व्हय?"

"न्हाय की. तुज्या बी बापाचा न्हाय. ये, तंबाखू खा."

आणि तो गडी खरंच खाली उतरायचा, काय सांगू!

एकदा मीच वैतागून विचारलं, "मामा, हितंच का थांबायचं रे?"

"अगं, खालच्या पाण्याच्या आवाजाला नवं कोकरू भितंय. आईच्या अंगाला लागून घटकाभर हुबं ऱ्हायलं, की भ्या जातंय त्याचं. मग जल्मभर पूल वलांडतंय."

पुढं मी शिकायला सोलापूरला निघाले, तेव्हा माझी पिशवी घेऊन तो पुलापर्यंत आला. मधल्या कमानीवर थांबला. "हुबी ऱ्हा जरा. भ्या जाऊ दे." मी त्याच्या घोंगड्याला लागून उभी राहिले. लोकरीचा, तंबाखूचा तो वास... आज लई आठवण येते हो त्याची.

मामीला मूलबाळ नाही. एकटीला कळप झेपेना, म्हणून तिनं तो विकायचं ठरवलं. परवा बाजाराला मीही तिच्यासोबत निघाले. मधल्या कमानीवर मेंढरं आपसूक थांबली. मामीनं काठी आपटली, शिव्या घातल्या. एक हलेल तर शपथ! सगळी माना वळवून आलेल्या वाटेकडं बघत उभी. मागं ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"त्यास्नी वाटतंय, मागनं येतोय त्यो," मामी म्हणाली.

मामाच्या पाठीनं गुळगुळीत झालेल्या कठड्याला ती टेकली. मी तिच्या शेजारी उभी राहिले, अगदी अंगाला लागून. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि कळप घराकडं वळवला.

"मामी, बाजार?"

"बगू म्होरं. आदी माजं भ्या जाऊ दे."