स्वराचा फिसकटलेला ठसा

तिसऱ्यांदा ठसा फिसकटला. वेल्ह्याकडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी आठ वर्षांच्या स्वराच्या तळहाताला शाई लावून तो कागदावर दाबत होते.

मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवते. आमचा प्रोजेक्ट होता फिट्स येणाऱ्या मुलांच्या तळहातांच्या ठशांचा. हातावरच्या बारीक रेघा आईच्या पोटातच तयार होतात, मेंदूची घडण चालू असते त्याच काळात. दोन्हींत काही नातं दिसतं का, ते पाहायचं होतं. ठशावरून फिट्सचं निदान होत नाही, भविष्य तर नाहीच. तुलनेसाठी फिट्स नसलेली मुलंही लागतात; त्यांना कंट्रोल म्हणतात. स्वरा कंट्रोलमध्ये होती.

तिचे वडील भातशेती करतात. ते आधी तयारच नव्हते.

"कागदावर पंजा कशापायी? धरणाच्या वक्ताला लई अंगठे दिलेत आमी."

"जमिनीशी काही संबंध नाही, दादा."

"मग तसं लिवून द्या."

मी सहीनिशी लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मगच होकार दिला.

ठसा उमटला की पोरं ओल्या शाईवर फुंकर मारतात. स्वराही हौसेनं, जोरजोरात मारत होती. आणि दर वेळी ती मध्येच थांबत होती, तिचा हात ओल्या कागदावर पडत होता.

"वर्गातही असंच," तिच्या बाई म्हणाल्या. "तंद्री लागते. हाक मारली तरी ओ देत नाही. शिक्षा करून झाली."

चौथ्या वेळी मी कागद सोडून तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. फुंकर थांबली. नजर स्थिर, पापण्या किंचित फडफडत होत्या.

"स्वरा, लाल फूल," मी म्हटलं.

दहाएक सेकंदांनी ती भानावर आली.

"मी आत्ता काय म्हणाले?"

"कायबी न्हाई."

माझी जवळजवळ खात्री झाली. हीसुद्धा फिटच. मी बाईंना आणि वडिलांना समजावलं, यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंद त्याला बाहेरचं कळतच नाही. भराभर श्वास सोडला की ती लगेच येते.

"मंजी ध्यान देत न्हाई, असं न्हाई?" वडिलांनी विचारलं.

"तिला तेव्हा ऐकूच येत नाही. औषधानं आवरतं, दादा."

त्यांनी स्वराचा शाईनं माखलेला हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "म्या बी मारलंय तिला."

पुढच्या आठवड्यात ते तिला एसटीनं पुण्याला घेऊन आले. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढला. निदान पक्कं झालं, गोळ्या सुरू झाल्या.

"मग पेशंटच्या गटात घ्या तिला," आमचे सर म्हणाले. "एक केस वाढली."

"नाही सर. निरोगी म्हणून निवडलेली मुलगी मध्येच तिकडं टाकली, तर निवडीला अर्थ काय?"

सर चिडले, पण मानलं. स्वराला दोन्ही गटांतून वगळलं. मी भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक कंट्रोल मुलाच्या शिक्षकांना पुन्हा भेटले. अशाच, कुणाच्या लक्षात न आलेल्या फिट्स येणारा आणखी एक मुलगा सापडला.

स्वराचे पाढे आता पाठ आहेत, बाईंचा फोन येतो. आणि मी शिकले ते एवढंच: फॉर्मवर 'फिट येत नाही' असं लिहिलेलं असेल, तर ती अजून कोणी पाहिलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा.