तिच्या नावातलं जोडाक्षर

माझ्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. ती आता वाचायला शिकते आहे. उद्या हे तिच्या हाती पडलं तर आपलं नाव छापलेलं पाहून तिला आवडेल की राग येईल, मला सांगता येत नाही. एवढं सांगते की तो पाली शब्द आहे. सुख येवो की दुःख, मन ढळू न देणं, असा त्याचा अर्थ. आमच्या वस्तीतल्या विहारात भंतेजींनी तो समजावून सांगितला तेव्हा मला सातवा महिना होता. घरी आल्यावर गाडी स्टँडवर लावता लावता नवरा म्हणाला, "मुलगी झाली तर हेच नाव."

मला ते तेव्हा फारसं आवडलं नव्हतं. पालीत जिथे 'क्ख' असतो तिथे मराठीत 'क्ष' येतो, आणि मराठीत आल्यावर या शब्दाचा अर्थही फिरला आहे. मराठीत तो होतो उपेक्षा. मी शाळेत मराठी शिकवते. हा घोळ होणार हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण मुलगी झाली, नवऱ्याने तिला हातात घेऊन पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली आणि माझा विरोध तिथेच संपला.

नाव ठेवायच्या दिवशी मोठी नणंद पेढ्यांचा डबा घेऊन आली. ती गांधीबागेत राहते, बोलण्यात कोणाला ऐकत नाही. नाव ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"उपेक्षा? काहून वं वहिनी, पोरगी नको होती का तुमाले?"

"ताई, उपेक्षा नाही. शेवटी क्ख आहे. क् आणि ख."

"तेच तर म्हणून राहिली मी. उपेक्षा."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं. आमच्या घरात शकुन-अपशकुन, पत्रिका, नजर लागणं यांतलं काही मानत नाहीत. माझ्या आजोबांच्या पिढीने ते सगळं सोडलं आणि मी शाळेत पोरांनाही तेच सांगते. तरीही तान्ह्या लेकराला कोणी मांडीवर घेऊन, मायेने, गालाला हात लावून उपेक्षा म्हटलं की मी तिला पटकन माझ्याकडे घ्यायची.

आणि म्हणायचे सगळेच. लसीकरणाला गेलो की नर्स मोठ्याने तेच नाव पुकारायची आणि रांगेतल्या बाया वळून माझ्याकडे बघायच्या. चुलत जाऊबाईंनी ते अपेक्षा करून टाकलं. "हे कसं सुटसुटीत आहे," त्या म्हणाल्या. माझा भाऊ फोनवर पिक्कू म्हणायचा. सासूबाई कुहीजवळच्या गावी राहतात. धानाची कामं आटोपली की महिना-दीड महिना आमच्याकडे येतात. त्यांच्या तोंडात ते जोडाक्षर बसलंच नाही. त्या म्हणायच्या, पेखा.

"आई, उ म्हणा आधी."

"ऊ."

"आता पुढचं."

"पेखा," त्या म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. "मले नाही जमत बाप्पा. पोरीले समजते ना, मंग झालं."

पोरीला समजत होतं, हीच तर गोष्ट मला खुपायला लागली. ती वर्षाची झाली, मग सव्वा वर्षाची. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ती वळून पाहत नसे. खेळात गुंग असेल, मी म्हणे. दुसऱ्यांदा हाक मारी, तिसऱ्यांदा मारी. ती आपली वाटीत चमचा घालतेय, काढतेय. पण सासूबाई दिवाणावर बसून म्हणाल्या "पेखा!", की ती तडक मान वर करून पाही आणि हसत त्यांच्याकडे जाई.

"पाय, पाय," सासूबाई म्हणायच्या. "माह्या हाकेले कशी पायते!"

मी उभी जळायची. आईने मारलेली हाक, अगदी शुद्ध उच्चारातली, तिला कळत नाही आणि चुकीची कळते. मला एकच कारण सुचायचं. एका लेकराला पाच माणसं पाच नावांनी बोलावतात. त्याला आपलं नाव कोणतं हे ठरवताच येत नसणार. मी मोबाइलवर वाचायला लागले. मूल नावाला प्रतिसाद देत नाही, एवढं लिहिलं की पुढे जे काही यायचं ते वाचवत नसे. मग मोबाइल पालथा ठेवून मी पुन्हा त्याच कारणाशी यायची. चूक नातेवाइकांची आहे. नाव नीट म्हटलं की सगळं सुरळीत होईल.

नवरा बुटीबोरीला कंपनीत आहे, पाळ्या बदलत्या. तो घरी आला की मी हेच घेऊन बसे. "तुझ्या आईला सांग. ताईंना सांग. मी सांगितलं की वाईट दिसतं."

"लहान आहे गं ती अजून," तो म्हणायचा. पण मी पाहिलं होतं, तोही तिच्या मागे उभा राहून हळूच हाक मारून पाहायचा आणि ती वळली नाही की निघून जायचा.

त्या वर्षी दसऱ्याला नेहमीसारखं घर भरलं होतं. दीक्षाभूमीवर जायला गावाकडची मंडळी दरवर्षी आमच्याकडे उतरतात. हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या, चहाचे कप जिकडे तिकडे. मुलगी दीड वर्ष ओलांडून गेली होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. मधोमध बसून ती प्लास्टिकचे डबे एकात एक घालत होती. ज्याला वाटेल तो तिला हाक मारत होता. उपेक्षा, इकडं ये. अपेक्षा, मामा कुठाय? नणंद म्हणाली, "काहून वं, ही बोलून नाही राहिली अजून?"

माझा तोल गेला. "बोलेल कशी? तिला स्वतःचं नाव तरी तुम्ही कळू देता का?"

नणंदेचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आमच्यामुळे बोलत नाही म्हणते तू?"

"हो. आजपासून एकच नाव. जमत नसेल तर हाक मारू नका."

"तू मार," नणंद म्हणाली. "तू तर मास्तरीण. मार हाक, पाहू दे आमाले."

मी मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. मी तिचं नाव घेतलं, पूर्ण, स्पष्ट, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. तिने लहान डबा मोठ्यात घातला. मी पुन्हा हाक मारली. तिने तो बाहेर काढला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. आमची बेल चिमण्यांच्या आवाजाची आहे, बारीक, कर्कश. खोलीतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कोणाच्या तरी मांडीवरचं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. माझी मुलगी डब्यात पाहत होती.

नणंदेच्या चेहऱ्यावरचा राग उतरलेला मला दिसला.

सासूबाईंनी सवयीने "पेखा" म्हटलं आणि सवयीनेच दिवाणाच्या फळीवर तळहात आपटला. दिवाणाचे पाय मुलगी बसली होती त्याच सतरंजीला टेकलेले होते. मुलीने लगेच मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहून हसली.

सासूबाईंचा हात तसाच फळीवर राहिला. "म्हणजे मी हात आपटो म्हणून पाहे का वं ती?" त्यांनी विचारलं.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासून एक चाचणी लिहून दिली. मूल गाढ झोपलं पाहिजे, मग डोक्याला वायरी लावून पाहतात. जन्मल्या जन्मल्या कानांची तपासणी करून घेता येते, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. झोपेचं औषध पाजलं तरी ती झोपेना. मी तिला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या अरुंद बोळात येरझाऱ्या घालत होते. नवऱ्याला पाळी बदलून मिळाली नव्हती. तो दर थोड्या वेळाने फोन करत होता आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

जिन्यावरून नणंद येताना दिसली. दसऱ्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. तिच्या हातात डबा होता. "दे इकडं. तू जेव आधी." तिने मुलीला घेतलं, छातीशी घट्ट धरलं आणि घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत डुलायला लागली. छातीची थरथर पोरीच्या कानाला लागत असेल. ती झोपली. मी भिंतीला टेकून पोळी-भाजी खाल्ली. कशाची भाजी होती ते मला कळलं नाही.

चाचणी करणाऱ्या बाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, त्या म्हणाल्या. बरंच कमी. औषधाने बरं होण्यातलं नाही, पण कानाला मशीन लावली तर बोलणं शिकेल. जवळून मोठ्याने बोललं तर आ, ए, उ यांचा आवाज तिला पुसटसा कळत असेल. क, ख, स, श यांच्यासारखी अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मी विचारलं, "आणि तिचं नाव?"

त्यांनी कागदावरचं नाव पाहिलं. त्यांनीही ते उपेक्षा असंच वाचलं. म्हणाल्या, "यातलं तिला फार काही ऐकू येत नसणार."

म्हणजे उपेक्षा काय, अपेक्षा काय, आणि मी म्हणत होते ते काय, तिच्यासाठी सगळं एकच होतं, लांबून येणारी थोडीशी भुणभुण. ज्या जोडाक्षरासाठी मी घरभर भांडत होते ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. नणंदेने माझा दंड धरला. बाहेर आल्यावर मी रडले, आणि तीही रडली.

मशीन लागल्या तो दिवस काही गोड नव्हता. ती किंचाळली, दोन्ही ओढून काढल्या, एक सोफ्याखाली सापडली. कित्येक आठवडे तेच. वाचा-उपचाराच्या वर्गातल्या बाईंनी आम्हाला शिकवलं: समोर बसा, चेहरा दिसू द्या, आणि सगळ्यांनी एकाच नावाने हाक मारा. शेवटची गोष्ट ऐकून मला हसू आलं आणि त्या बाईंना ते विचित्र वाटलं असणार. नणंद घरी आरशासमोर उभी राहून क् आणि ख म्हणायची, हे तिच्या मुलाने मला सांगितलं. आता तिला ते माझ्याहून ठसठशीत म्हणता येतं. सासूबाईंना मात्र आजही जमत नाही आणि मी त्यांना थांबवत नाही.

मुलगी बोलते आता. उशिरा आणि थोडं बोबडं, पण न थांबता. शाळेत जाते. माझी धास्ती गेलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. वर्गात कोणी मशीन ओढली तर? रस्त्यात सेल संपला तर? मागून गाडी आली तर?

उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसभर कूलर चालतो. मशीनमधून ती घरघर तिला असह्य होते. मग ती स्वतःच दोन्ही काढून डबीत ठेवते आणि खिडकीजवळ चित्रं काढत बसते. तिच्या चेहऱ्यावर इतका आराम असतो की मला तिच्याजवळ जावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. त्या वेळी तिला हाक मारून उपयोग नसतो. मी हातातलं काम ठेवते, जाऊन तिच्या समोर बसते, आणि ती मान वर करेपर्यंत थांबते.