मेल्याच्या पोटातलं

प्रोग्राम बंद पडला की ती करवादायची, "मेला मेला एकदाचा!" म्हणून ऑफिसात तिला मेलाबाई हेच नाव पडलं. सर्व्हरची सगळी देखभाल तिच्याकडे होती, पण तोंड असं तिखट की चहालाही तिला कुणी हाक मारत नसे.

पासवर्ड तपासणारा, सगळे अधिकार असलेला प्रोग्राम त्या आठवड्यात सारखा कोसळत होता. कोसळताना तो मेमरीतलं सगळं, लोकांच्या पासवर्डांसकट, एका फाईलमध्ये ओकायचा, आणि ती फाईल कुणालाही उघडता यायची. तिने साहेबांना बजावलं. साहेब हसले, "अहो, मढं काय बोलणार?"

तिचं डोकं सणकलं. भर मीटिंगमध्ये तिने एका साध्या कारकुनाच्या खात्यातून ती फाईल उघडली आणि साहेबांचा पासवर्ड मोठ्याने वाचला: "मेलाबाईकधीटळणार."

हसायचं कुणाचं धाडस होईना.

"बंद करा ते!" साहेब ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

तिने तिथेच बसून फाईल उघडायचे हक्क बदलले आणि लॅपटॉप मिटला.

"झालं, साहेब. आता तुमच्या पोटातलं फक्त मलाच वाचता येईल."