दक्षिणद्वाराचा निरोप

पावसाळ्यात एखाद्या दिवशी यमुनाक्का ओल्या केसांनीच कचेरीत यायच्या. वाडीहून पहिल्या एसटीने निघून थेट स्टँडवरून. केस पाठीवर मोकळे, ब्लाउज भिजलेला, आणि चेहऱ्यावर असा काही तजेला, की माझा दिवस तिथेच नासायचा. टेलिफोन बोर्डासमोर बसण्याआधी त्या चारी टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "घावलं की ओ! कमरंएवढं पाणी हुतं. दारातनं असं लोंढ्यानं येतंय, उभं ऱ्हाऊ देत न्हाय मानसाला!"

नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की ते देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं. त्या दारात उभं राहून ते पाणी अंगावर घ्यायचं, हा दक्षिणद्वाराचा सोहळा. त्याला तिथी नाही, मुहूर्त नाही. पाणी कमी असलं तर दारापर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर सगळंच बुडतं. मधले काही तास काय ते आपले. एखाद्या वर्षी दोन-तीनदा योग येतो, एखाद्या वर्षी येतच नाही.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दत्त तीन पिढ्यांचा. मी गुरुवार कधी मोडला नाही, पोथीचं पारायण चुकवलं नाही, आणि तरी चाळिशी उलटली तरी मला ती आंघोळ मिळाली नव्हती. अक्का मात्र रविवारी मटणाच्या रांगेत पहिल्या. आज गुरुवार आहे, हे मला त्यांना सांगावं लागे. आणि त्यांना ती आंघोळ नऊ वेळा घडली होती! मी देवाशीसुद्धा मनातल्या मनात भांडत असे. तुला माणसं ओळखता येत नाहीत, असं त्याला स्पष्ट सुनावलंही होतं.

अक्का गडमुडशिंगीत राहायच्या. त्यांच्या भावाचं वाडीत पेढ्यांचं दुकान होतं. पाणी पायरीला लागलं की तो कचेरीच्या बोर्डावर फोन करायचा. अक्कांच्या खणात तारीख न घातलेला रजेचा अर्ज जून महिन्यापासून तयार असे. फोन आला की तारीख टाकायची, अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि स्टँड गाठायचं. तिकडे भावाकडे मुक्काम.

खोटं कशाला बोलू, त्यांनी मलाही दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मी घरी जाऊन सोवळ्याचं लुगडं, नैवेद्याचं साहित्य बांधून निघाले, तोवर दार बुडालं होतं. दुसऱ्यांदा हातकणंगल्याजवळ गाडी पंक्चर झाली आणि मी पोचेपर्यंत पाणी ओसरलं. दोन्ही वेळा अक्का म्हणाल्या, "त्येनं बोलावलं की उठून पळायचं असतंय, बाई. तुमी आवरत बसता. असू द्या, पानी कुठं पळून चाललंय?" त्यांच्या त्या समजावण्याने माझ्या अंगाची लाही लाही होई.

त्या वर्षी अक्कांचा उजवा गुडघा सुजला होता. निवृत्तीला सहा महिने उरले होते. एका सकाळी त्या डॉक्टरकडे गेल्या आणि बोर्डावर मी बसले. दहाच्या सुमारास फोन वाजला. "अक्कास्नी सांगा, दुपारपातूर हुतंय. लगोलग या म्हनावं."

मी "सांगते" म्हटलं. त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला कागदही ओढला. 'अक्का' एवढं लिहिलं, मग पेनला टोपण लावलं आणि कागद पर्समध्ये कोंबला. डोकं दुखतंय म्हणून अर्धी रजा टाकली आणि वाडीवरून जाणारी कुरुंदवाडची गाडी पकडली.

आंघोळ झाली. दारातून येणारं गढूळ, गार पाणी छातीवर आदळलं आणि मी रडले. भक्तीने रडले असं सांगायला आवडलं असतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की आज मी आहे आणि ती नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का लंगडत माझ्या टेबलाशी आल्या. भावाने "का आली न्हाईस? तुज्या कचेरीतल्या बाई तर दारात दिसल्या" म्हणून फोन केला होता. मी भांडणाच्या तयारीत होते. साहेबांनी काम दिलं, विसरले, असं सगळं पाठ करून ठेवलं होतं.

"माझा गुडघा बघून निरोप दिला न्हाईसा, व्हय?" त्यांनीच विचारलं. "बरं केलासा. मी ऐकलो नसतो. पळालो असतो आनि पडलो असतो तितंच."

मी हो म्हणून मान हलवली.

"माझ्या नावाची बुडी मारलीसा न्हवं? मी तर दर येळंला तुमच्या नावाची मारतो. आदी तुमची, मग माझी. बाईस्नी घावत न्हाय, म्हनतो, तेवढं मनावर घे."

"मारली," मी म्हटलं.

त्यांनी तिथेच डोळे मिटून हात जोडले. "झालं मग. पोचलं."

दुपारी त्यांनी शिपायाकडून पेढे आणवले. "बाईंनी माझी आंगूळ केली" असं सांगत अख्ख्या कचेरीत वाटले. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो सगळ्यांदेखत खाल्ला.

डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या आणि पुढचा पावसाळा यायच्या आत गेल्या. मी मुडशिंगीला भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या लेकीने मला हाताला धरून आत नेलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "आईची शेवटची आंगूळ ह्या बाईंनी केली. आई सगळ्यास्नी सांगायची." बायकांनी सरकून मला जागा दिली. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली. मी तिला अडवलं नाही, आणि खरं काय ते सांगितलंही नाही.

त्यानंतर मला दक्षिणद्वार चार वेळा मिळालं. दर वेळी मी आधी अक्कांच्या नावाची बुडी मारते आणि वर येताना वाटतं, ही काही पोचली नाही. त्यांना न मारलेलीसुद्धा पोचली होती. मला अजून त्यांचा हेवा वाटतो.