कापड तुजा, शिलाई माजी

या लेखात शर्मिला मरते. आधीच सांगून टाकतो, कारण कोण मरणार ते वरतीच लिहायचं हा तिचाच नियम होता. तिच्याबद्दल मला खात्रीने ठाऊक असलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. धामापूरला तिचं शिलाईचं दुकान आणि मी ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. माझे लेंगे तिने कित्येक वर्षं शिवले. तिला माझी मापं पाठ होती. मला तिचं माहेर कुठलं तेही माहीत नाही. तेव्हा हे मी लिहावं की नाही, शंकाच आहे.

टीव्हीवर बंदरावरच्या एका कुटुंबाची मालिका लागायची. ती मध्येच बंद पडली. लोक नुसते हळहळले. शर्मिलाने फेसबुकवर गट काढला. ज्याला जसं सुचेल तसं त्याने पुढचं लिहावं. गटाचं नाव ‘आल्टर’. “दुसऱ्याचो सदरो आपल्या मापाचो करूचो, तेवढाच,” ती म्हणायची.

गोष्ट टाकताना आधी गाऱ्हाणं घालावं लागे, देवळात घालतात तसंच: ‘बा मूळ लेखका म्हाराजा, कापड तुजा, शिलाई माजी. शोबला तर तुजा, उसवला तर माजा.’ खाली सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ लिहायचं.

फोंडाघाटच्या निकेतने वर सूचना न देता मालिकेतल्या भिवा तांडेलाला बुडवलं, तर तिने त्याला महिनाभर गटाबाहेर बसवलं. त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. स्पीकर चालू होता.

“अक्का, तांडेल म्हातारोच होतो गो!”

“म्हातारो असांदे. माझ्या गटात माणूस आधी सांगान मरता.”

सगळ्यात कडक नियम ‘कधी’चा. पुढचा भाग कधी, असं लेखकाला कोणीही विचारायचं नाही. हा नियम तिच्या धंद्यातून आला होता. “गणपतीच्या तोंडार बायका दारात उभ्या रवान कधी, कधी करतत. तेनी ब्लाऊज लवकर होना नाय. काजां तेवढी वाकडी जातत.”

मी गटात नुसता वाचणारा. दिवाळीनंतर मला काय झालं कोण जाणे, एक गोष्ट लिहिली. मालिकेतली विधवा मालतीकाकी धक्क्यावर चहा विकते. तिच्याकडे एक पेन्शनर रोज येतो, चहा नको असला तरी. एवढीच गोष्ट. पाठवली. तिच्या मंजुरीशिवाय गटावर काही दिसत नसे, आणि माझी गोष्ट काही दिसेना. मी दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागलो. शेवटी तिनेच हाक मारली.

“अप्पानू, ह्यो पेन्शनर कोण?”

“काल्पनिक आहे,” मी म्हटलं. घाबरलो की मी कचेरीतली मराठी बोलतो.

“काल्पनिक माणसाचो लेंगो डाव्या पायार लोळता?”

माझा डावा पाय अर्धा इंच आखूड आहे. जगात हे मला माहीत होतं आणि तिच्या टेपला.

“गोष्टीत सोता घुसूचा नाय, नियम आसा. आल्टर करा.”

मी आल्टर केली. उजवा पाय आखूड केला, पेन्शनरला मिशी लावली. ती वाचून मशीनवर डोकं टेकून हसत राहिली.

“पाय बदललात, चाल तीच! आनि त्या मालतीक काय वाटता, ता खंय आसा? ती काय नुसती च्या गाळता?”

“ते मला माहीत नाही.”

“मगे ता माका लिवूक देवा.”

गटावर मंजुरी देणारी ती एकटीच होती. त्यामुळे गोष्ट अजून तिथेच अडकली आहे. मालतीचं तिने काही लिहिलं की नाही, मला दिसत नाही.

त्या बोलण्यानंतर आमची एकदाच भेट झाली, ती गेली त्याच आठवड्यात. नव्या लेंग्याचं कापड द्यायला गेलो होतो. तिने टेप न लावताच कापडावर खडूने डावा पाय आखला. गोष्टीचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. निघताना मात्र जीभ घसरली.

“कधी?”

तिने चष्म्यावरून पाहिलं. “काय कधी? लेंगो, की मालती?”

“लेंगा,” मी म्हटलं.

“बुधवारी येवा.”